मॉडेल म्हणतंय, आम्ही नाही

दहा दिवसांपुढच्या हिमवर्षावाचा नकाशा म्हणजे अंदाज नव्हे. संगणकाने एकदा केलेल्या गणिताचा तो एक निकाल असतो, आणि सहा तासांनी तोच संगणक वेगळा निकाल देतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हौशी हवामानप्रेमींना हे पुरते ठाऊक असते. तरीही या आठवड्यात तो जांभळा नकाशा फिरायचा तो फिरलाच. दोन फूट बर्फ, तेही दशांश चिन्हासह. मग त्याचा एक फूट झाला, मग पाऊस, आणि मग मंडळी पुढच्या वादळाच्या नकाशाकडे वळली. दरम्यान न्यू जर्सीतल्या मराठी गटांतून तो पुण्याच्या आजीआजोबांपर्यंत पोचला होता आणि तिथून "दूध भरून ठेवा, बाहेर पडू नका" असा सल्ला सातासमुद्रापलीकडे परतही गेला होता.

ज्या वादळांवर ही मंडळी जीव टाकतात ती नॉरईस्टर जातीची. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटेरसच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र बळावते, गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यावरून बाष्प उचलते आणि किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकते. उत्तरेकडून कॅनडाची थंड हवा खाली उतरलेली असते. या दोन हवांची गाठ नेमकी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बोस्टन या शहरांच्या ओळीवर पडते. वादळाचे केंद्र किनाऱ्याला चिकटून गेले, तर समुद्रावरची उबदार हवा आत शिरून शहरात पाऊस पडतो. फार लांबून गेले, तर ढगांखेरीज काही दिसत नाही. मधल्या अरुंद पट्टीतून गेले तरच फूटभर बर्फ. साधारण हिशेबाने एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो, त्यामुळे पाण्याच्या अंदाजातली बारीकशी चूक बर्फात दहापट होऊन दिसते. आणि दहा दिवस आधी हे वादळ कुठेच नसते. ज्यातून ते पुढे घडायचे ती हवेतली खळबळ अजून पॅसिफिकवर असते आणि तिथे उपग्रहांखेरीज मोजणारे फारसे कुणी नाही. सुरुवातीच्या मोजमापातली किंचितशी तफावत पुढे किती फुगते, हे एडवर्ड लोरेन्झने १९६३ सालीच गणिताने दाखवून ठेवले आहे.

या अनिश्चिततेवर हवामानशास्त्राने उपाय शोधला, तो असा की एकच गणित न करता अनेक गणिते करायची. सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून युरोपीय हवामान अंदाज केंद्र एका वेळी पन्नासाहून अधिक भविष्ये काढते. ती एकमेकांना धरून राहिली तर विश्वास ठेवावा, पांगली तर थांबावे. १९९२पासून ही पद्धत रोजच्या वापरात आहे. म्हणजे "किती माहीत नाही" हेही मोजून सांगण्याची सोय तीस वर्षांहून जुनी आहे आणि ती हौशी लोकांनाही फुकट पाहता येते. पण पांगलेल्या पन्नास रेषांचे चित्र कुणी पुढे पाठवत नाही. त्यात जांभळा रंग नसतो.

अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालते. हिवाळ्यात त्याचा रात्रीचा निकाल पूर्व किनाऱ्यावर साडेदहाच्या सुमारास येऊ लागतो, युरोपीय मॉडेलचा मध्यरात्र उलटल्यावर. खरा हौशी दोन्हींसाठी जागा राहतो. त्याच्या जागरणाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. माणसे याहून फालतू गोष्टींसाठी जागतात. प्रश्न सकाळी तो काय सांगतो याचा आहे, आणि चुकल्यावर काय सांगतो याचा तर अधिकच.

चुकल्यावर ठरलेले वाक्य येते: "मॉडेल म्हणतंय, आम्ही नाही. आम्ही फक्त दाखवलं."

मॉडेल बिचारे काही म्हणत नाही. ते समीकरणे सोडवते आणि आकडे ओतते. रात्रीत ओतलेल्या डझनावारी नकाशांतला कोणता उचलायचा, हे पाठवणारा ठरवतो. पाऊस दाखवणारा निकाल आला त्या रात्री हा निरोप्या कुठे होता? निरोप्या म्हणवून घ्यायचे तर सगळे निरोप पोचवावे लागतात, आवडीचे तेवढे नाहीत. पाच ज्योतिष्यांना पत्रिका दाखवायची, चौघे "जुळत नाही" म्हणाले तर पाचव्याचा कागद मांडवात फिरवायचा आणि पुढे बिनसले की "आम्ही फक्त पत्रिका दाखवली" म्हणायचे, असा हा मामला आहे. त्यातही गंमत अशी की पुढे पाठवल्या जाणाऱ्या पुष्कळशा नकाशांत गारांसारखा घट्ट पडणारा हिमपाऊसही एकास दहा या हिशेबाने सरसकट मऊ बर्फ म्हणून मोजलेला असतो. पाठवणाऱ्याला ते माहीत असते. दुसऱ्याच्या नकाशात ही खोट तो तत्काळ दाखवतो.

काही जण नकाशाखाली बारीक अक्षरांत "हा अंदाज नव्हे" असे लिहितात. वर अक्षरे ठळक, रंग भडक, मथळ्यात "ऐतिहासिक" हा शब्द, आणि जबाबदारी तळाशी, चष्मा लावून शोधावी लागेल अशी. अंदाज नव्हे तर मग आकड्याला दशांश कशाला? दहा दिवसांपुढच्या बर्फाचे २३.७ इंच सांगणारा माणूस त्या ७ची हमी कोणाकडून आणतो? दशांशाचा एकच उपयोग असतो, मोजल्याचा भास निर्माण करणे. आणि भास निर्माण करणारा "फक्त दाखवणारा" राहत नाही.

या सबबीचे खरे रूप मात्र वादळ चुकल्यावर दिसत नाही, ते बरोबर आल्यावर दिसते. बर्फ पडला की मॉडेल अचानक मुके होते. मग "दहा दिवस आधी आम्ही सांगितलं होतं" अशी जुनी पोस्ट वर येते, तारखेभोवती लाल वर्तुळ काढून. चुकले ते यंत्राचे, जमले ते आपले. हा हिशेब हवामानापुरता नाही हे खरे, पण इथे तो तारीखवार नोंदलेला सापडतो, एवढी सोय आहे.

बाकी सबबी किरकोळ. "अंदाज चुकणारच" हे कुणी नाकारलेले नाही. "लोक सावध राहिले तर बिघडलं काय?" यात थोडे तथ्य आहे, फक्त तिसऱ्यांदा सावध केलेले लोक चौथ्यांदा ऐकत नाहीत. रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडल्यावर मुंबईकर काय बोलतात ते आठवावे.

या हौसेच्या मुळाशी एक दुखरी गोष्ट आहे, ती ओलांडून जाणे बरे नाही. बर्फ कमी होतो आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८६९पासूनच्या नोंदी आहेत. १९९१ ते २०२० या काळाची सरासरी धरली तर तिथे हिवाळ्यात २९.८ इंच बर्फ पडायला हवा. २०२२-२३च्या अख्ख्या हिवाळ्यात २.३ इंच पडला, नोंदींतला सर्वांत कमी. एका दिवसात एक इंच बर्फ पडण्यासाठी त्या शहराने फेब्रुवारी २०२२पासून जानेवारी २०२४पर्यंत ७०१ दिवस वाट पाहिली. ज्यांचे बालपण शाळेला अचानक मिळालेल्या बर्फाच्या सुट्टीत गेले, त्यांना या आकड्यांनी काय वाटत असेल ते समजू शकते. दुष्काळात ढगाकडे पाहणाऱ्याला तारतम्य शिकवायला जाऊ नये, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पण हवा तापल्याने गोष्ट सरळ कमी-कमी होत जात नाही, आणि हौशी नेमके यावरच तगून राहतो. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. समुद्र कोमट असेल तर वादळाला पाणी जास्त मिळते. थंडी पुरेशी असली तर त्या जादा पाण्याचा जादा बर्फ होतो. सेंट्रल पार्कचा एका वादळातला विक्रम, २७.५ इंच, जानेवारी २०१६चा आहे. त्याआधीचा २००६चा होता. मोठे वादळ येत नाही असे नाही. ते ज्या तापमानात येते ते शून्याच्या आजूबाजूला घुटमळू लागले आहे, आणि शून्याजवळच्या अर्ध्या अंशाने बर्फाचा पाऊस होतो. पूर्वी निश्चित थंडीत येणारी वादळे आता या सीमारेषेवर अधिक वेळा सापडणार. अशा वेळी जपून बोलायला हवे, तर नकाशे अधिक भडक होत चालले आहेत. तापत्या हवेतही बर्फ पडतो या गोंधळाचा उपयोग करून २०१५च्या फेब्रुवारीत जेम्स इनहोफ या अमेरिकी सिनेटरने तापमानवाढीला उत्तर म्हणून सिनेटच्या सभागृहात बर्फाचा गोळा आणून फेकला होता. त्यांना निदान मॉडेलवर ढकलावे लागले नाही.

अधिकृत यंत्रणा या मोहातून सुटलेली आहे असे मात्र नाही. २६ आणि २७ जानेवारी २०१५च्या वादळात न्यूयॉर्क शहराला दोन फूट किंवा त्याहून अधिक बर्फाचा इशारा होता. युरोपीय मॉडेल जोरात होते, अमेरिकन मॉडेल वादळ पूर्वेला ठेवत होते, आणि भरवसा पहिल्यावर टाकला गेला. शंभर वर्षांहून जुनी भुयारी रेल्वे बर्फासाठी इतिहासात प्रथमच बंद केली गेली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, लाँग आयलंडच्या इस्लिपला २४.९ इंच, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ३४.५. वादळ आले होते, फक्त जरा पूर्वेकडून गेले. राष्ट्रीय हवामान सेवेच्या न्यू जर्सीतल्या माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी सॅटकोव्स्की यांनी त्याच रात्री जाहीर माफी मागितली. त्यांच्या हाताशी तीच मॉडेले होती. "आम्ही फक्त दाखवलं" हे वाक्य त्यांनाही उपलब्ध होते.

दोनच वर्षांनी, मार्च २०१७मध्ये, उलट प्रकार घडला. मोठ्या शहरांत बर्फाऐवजी हिमपाऊस मिसळणार आणि आकडे घटणार, हे राष्ट्रीय हवामान सेवेच्या तज्ज्ञांना आदल्या दिवशीच दिसू लागले होते. तरी त्यांनी इशारा खाली आणला नाही. ऐन वेळी बदल केला तर लोक निर्धास्त होतील, अशी भीती होती. सेंट्रल पार्कला ७.६ इंच पडला आणि त्या शांततेची बातमी झाली. हेतू चांगला होता, वादळही आतल्या भागांत खरोखर घातक होते. तरी लोकांना किती कळू द्यायचे हे त्यांच्या वतीने कुणी ठरवले की पुढच्या वेळी विश्वास मागणे अवघड जाते. शिवाय अशा शांततेने हौशींच्याच हातात कोलीत दिले: सरकारी अंदाज लपवतो, आम्ही सगळे दाखवतो.

सगळे दाखवतात असे मात्र नाही. इंचांच्या या वेडात सर्वांत धोकादायक गोष्ट नकाशावर फिकी दिसते. गोठणारा पाऊस तारांवर अर्धा इंच जाड काच चढवतो, झाडे मोडतात, वीज जाते. त्याची वाट पाहत कुणी जागत नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१मध्ये २००हून अधिक माणसे दगावली, बरीचशी वीज गेलेल्या घरांत गारठून. थंडीचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता. तयार नव्हती ती वीजव्यवस्था. आणि शहर बंद झाले की तासावर पगार घेणाऱ्याचा दिवस बुडतो, मग बर्फ दोन फूट पडो की दोन इंच. घरून काम करणारा नकाशाप्रेमी त्या दिवशी खिडकीशी कॉफी घेऊन बसलेला असतो. बसू द्यावे, पण रोजंदारीवाल्याने त्या जांभळ्या रंगावर विश्वास ठेवला होता, एवढे त्याला कुणी सांगायला हरकत नाही.

हौशी माणूस उपयोगी पडत नाही असे मुळीच नाही. अमेरिकेत स्वयंसेवक निरीक्षकांची सरकारी नोंदव्यवस्था १८९०पासून चालू आहे. फोर्ट कॉलिन्स शहरात १९९७ साली अचानक पूर आला, तेव्हा शहराच्या एका भागात कोसळलेला पाऊस दुसऱ्या भागाला कळलाही नव्हता. त्यातून पुढच्या वर्षी कोलोरॅडोत कोकोराझ नावाचे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि देशभर पसरले. हे लोक अंगणात पांढरी रंगवलेली फळी ठेवतात, बर्फ पडला की पट्टी लावतात, फळी झाडून पुन्हा ठेवतात, आणि इंचाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा कळवतात. इथे दशांशाला कुणाची हरकत नाही. तो पडलेल्या बर्फाचा आहे. त्यांच्या नोंदी नसत्या तर पुढच्या वादळाचा अंदाज तपासायलाही काही उरले नसते. या कामाला प्रसिद्धी नाही, आणि पहाटेच्या थंडीत वाकावे लागते.

२०२५च्या फेब्रुवारीत युरोपीय केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मॉडेल रोजच्या कामात आणले. जुन्या मॉडेलला महासंगणकावर बराच वेळ लागतो, हे काही मिनिटांत दहा दिवसांचे हवामान काढते, आणि वादळाच्या मार्गाबाबत पुष्कळदा चांगले काढते. निवडायला नकाशे आणखी वाढले आहेत. नव्या सबबीची मात्र गरज पडलेली नाही, जुनीच थोडी दुरुस्त करून चालू आहे, "एआय म्हणतंय."