पहिला अंक कुठला?

रायपूरच्या तेलीबांध्याच्या तळ्याभोवती संध्याकाळची चक्कर चालली होती. भाचीने विचारलं, "आत्या, वंडर वुमन वाचायची तर कुठून सुरू करू?" मी भुट्ट्याला लिंबू-मीठ चोळून घेत होते. म्हटलं, "कुठूनही कर." पण सोबत दादा होता. "कुठूनही काय? पहिल्यापासून वाच. नंबर लावून. नाहीतर कळणार काय?" भुट्टा संपला, पण ते 'नंबर लावून' चपलेत शिरलेल्या खड्यासारखं चार दिवस टोचत राहिलं.

वंडर वुमन कोण हे सांगत बसत नाही, सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. पण पहिला अंक कुठला, ते दादाने सांगावं. १९४१ साली ती आली तीच दुसऱ्यांच्या घरी, 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात, जोडकथा म्हणून. स्वतःच्या नावाचा पहिला अंक १९४२चा. १९८७ला पुन्हा पहिला अंक. मग २००६, २०११, २०१६, २०२३. एका बाईचे सहा पहिले अंक! जन्मसुद्धा एक नाही. आधी आईने मातीची मूर्ती घडवली आणि देवांनी तिच्यात जीव घातला. २०११नंतर कळलं की ती झ्यूसची मुलगी.

मी नेहमी म्हणते, उगम वेगळा आणि घाट वेगळा. महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, पण आपण बुडी मारतो राजिमला. सिहावा पाहिल्याशिवाय राजिमला पाण्यात उतरू नये असं कुणी म्हणत नाही. महाभारत आपल्यापैकी कोणी आदिपर्वापासून ऐकलंय? आजीने जिथून सांगितलं तिथून आपलं महाभारत सुरू झालं.

राजिमवरून आठवलं. तिकडे जायची ती छोट्या रुळांची गाडी शंभर वर्षांहून जुनी. ती रायपूर स्टेशनातून सुटायची आणि तेलीबांधा हे वाटेतलं एक ठेसन. २०१७मध्ये रायपूर ते तेलीबांधा रूळ उखडले आणि गाडी इथूनच सुटायला लागली. मधलं ठेसन एका दिवसात पहिलं झालं! पुढे तीही गाडी गेली. जुन्या रुळांच्या जागेवर आता एक्स्प्रेसवे आहे, आणि त्यावरून जाणाऱ्याला खालून कधी काय धावत होतं ते ठाऊकही नसतं. हे दादाला ऐकवावं म्हणून मी खूश होते.

मग आमचं लहानपण आठवलं आणि खुशी उतरली.

घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि कॉमिक्स भाड्याची. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव हा दादाचा देव. दादा एका वहीत ध्रुवचे नंबर लिहायचा, वाचलेल्यावर लाल बरोबरची खूण. मला आवडायची चंडिका. ती ध्रुवचीच बहीण श्वेता, मुखवटा घालून लढणारी. आणि ज्या ध्रुवला राजनगरातला प्रत्येक गुन्हेगार ओळखता येतो, त्याला घरातली बहीण ओळखू येत नाही! ती मला भेटायची ती ध्रुवच्याच अंकात, चार-दोन पानांपुरती. दादाचं वाचून झालं की, आणि दुकानात परत द्यायला तास-दीड तास उरला असला की, ते कॉमिक माझ्या हाती यायचं. कधी दुसरा भाग आधी, कधी शेवटचं पान फाटलेलं. मी 'कुठूनही' वाचायचे, कारण माझ्या वाट्याला कुठूनही यायचं. त्याला मी इतकी वर्षं घाट म्हणत आले.

आता वंडर वुमनकडे पुन्हा पाहते. सुरुवातीच्या वर्षांत तिला 'जस्टिस सोसायटी' या सुपरहिरोंच्या संघात घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. पुरुष नायक मोहिमेवर, आणि एवढ्या ताकदीची ही मागे कामकाज टिपायला. १९६८मध्ये तिची शक्तीच काढून घेतली आणि तिला कपड्यांचं दुकान थाटून दिलं. १९७२ला ग्लोरिया स्टायनमच्या 'मिझ' मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेतलं, ते तिच्या जुन्या रूपात. १९७३ला शक्ती परत आली. १९८७च्या घाटावर उतरलेल्या मुलीला, म्हणजे जॉर्ज पेरेझने नव्याने मांडलेली कथा हाती घेणारीला, यातलं काही दिसत नाही. तिथे पाणी स्वच्छ आहे, चित्रं सुंदर आहेत, आणि मी आजही तिथूनच सुरू कर म्हणेन. पण मग मागे जावंच लागेल, आणि जाताना नंबर लावूनच. दादाला क्रम हवा तो कथानक कळावं म्हणून. त्यासाठी क्रमाची काही गरज नाही, हे मी अजूनही म्हणते. क्रम हवा तो तिच्याकडून कधी काय काढून घेतलं आणि कधी परत दिलं, ते दिसावं म्हणून. एकेका अंकात ते दिसत नाही. एकेका अंकात ती जिंकतच असते.

दादाला हे कबूल करायला मी फोन केला. तो अर्थातच म्हणाला, "मी तेच म्हणत होतो." तेच नव्हता म्हणत. पण असो.

भाचीने पेरेझचे अंक वाचायला घेतलेत. काल तिने विचारलं, "आत्या, तुझी ती चंडिका, ती पहिल्यांदा कुठल्या अंकात आली?" दादाची वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. मी काढून पाहिली. लाल खुणा अजून ठसठशीत आहेत, आणि सगळे नंबर ध्रुवचे.