नाणे, पारखी आणि आसक्तीचा प्रश्न

वस्तूचे खरे स्वरूप तिच्या द्रव्यात असते की त्या द्रव्यावर उमटलेल्या नामरूपात, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद नाण्याच्या संदर्भात जितका हातात धरून तपासता येतो, तितका तो अन्यत्र क्वचितच येतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला माती, सोने आणि लोखंड यांचे दाखले देऊन सांगतो की, मूळ द्रव्य कळले म्हणजे त्यापासून घडलेले सर्व काही कळते, कारण विकार, म्हणजे द्रव्याने धारण केलेला आकार, हा केवळ नावापुरता असतो. हे मत जसेच्या तसे लावले तर चांदीच्या नाण्याचे सत्य चांदी एवढेच उरते. परंतु अर्थशास्त्र या प्राचीन राज्यनीतिग्रंथाने चांदीच्या पण या नाण्यासाठी जे मिश्रण सांगितले आहे, त्यात सोळा माषांपैकी चार माषे तांबे आणि एक माष हीन धातू असल्यामुळे चांदी अवघी अकरा माषे भरते. तरीही तो पण पूर्ण पण म्हणूनच चालावा, यासाठी तेथे लक्षणाध्यक्ष, म्हणजे टांकसाळीचा प्रमुख, आणि रूपदर्शक, म्हणजे नाणी पारखणारा, अशा दोन अधिकाऱ्यांची योजना केलेली आढळते. उद्दालकाने ज्याला नावापुरते म्हटले, त्याच्या रक्षणासाठी राज्याने अधिकारी नेमले होते.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेनिधी हा या वादातील सर्वांत बोलका पुरावा मानावा लागेल. त्यातील १३,००० हून अधिक चांदीची नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून, त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. मूळ नाण्याच्या एका बाजूस नहपानाचे मस्तक व ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि त्यांभोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख होता. त्यावर सातवाहनांचे कमानींच्या डोंगराचे चिन्ह, तथाकथित उज्जैन चिन्ह आणि गौतमीपुत्राचे नाव उमटले. चांदी तीच राहिली, वजनातही मोठा फरक पडला नाही, आणि जित राजाचा चेहरा पुष्कळ नाण्यांवर खालून डोकावत राहिला. केवळ द्रव्यच सत्य असते तर हा खटाटोप निरर्थक ठरला असता. पण केवळ मुद्राच सत्य असती, तर ज्या नाण्यांवर नवी मुद्रा पडलेलीच नाही, ती त्याच निधीत जेत्याच्या नाण्यांच्या शेजारी साठवली गेली नसती. निधी पुरून ठेवणाऱ्याला दोन्ही प्रकार जपण्याजोगे वाटले होते, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

या कोंडीतून वाट काढणारा एक दृष्टान्त पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोष याने श्रीलंकेत रचलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात आहे. फळीवर पडलेली नाण्यांची रास तिघे जण पाहतात. अजाण बालकाला नाण्यांचे रंग, आकार आणि नक्षीच दिसते. गावकऱ्याला त्याखेरीज हेही कळते की, या वस्तू माणसाच्या उपभोगाच्या व मोलाच्या आहेत. सराफाला मात्र खरे, खोटे आणि हिणकस यांतील भेद तर कळतोच, शिवाय पाहून, वाजवून, हुंगून, चाखून आणि हातात तोलून नाणे कोणत्या गावी, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडवले हेही कळते. बुद्धघोषाच्या मते यांतील पहिली दृष्टी म्हणजे संज्ञा, अर्थात वस्तूची केवळ खूण पटणे. दुसरी विज्ञान, अर्थात तिचे विशेष जाणणे. आणि तिसरी प्रज्ञा, जी वस्तूची अनित्यता भेदून पाहते व साधकाला मुक्तीच्या मार्गाला लावते.

नाण्यांचा संग्राहक हा उघडच या सराफाच्या जातकुळीतला असतो. मराठेशाहीत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत आणि एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा, म्हणजे मूल्यातील फरकापोटी कापली जाणारी रक्कम, पोतदार, म्हणजे खजिन्यातील नाणेपारखी, ठरवीत असे; त्या पोतदाराचे कसब आज सरकारी खजिन्यातून संग्राहकांच्या बैठकीत आले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. एकमेकांपुढे नाणी मांडून बसलेले संग्राहक नाण्याच्या मोलाबद्दल जे सांगतात, ते बहुतांशी कारणपरंपरेचेच वर्णन असते: कोणाच्या टांकसाळीतून ते निघाले, ठसा का सरकला, कोणी आपली मुद्रा वर ठोकली, कोणत्या व्यापाऱ्याने पारखून त्यावर खूण केली. नाण्याला स्वतःचे स्वयंसिद्ध मूल्य नाही, ते कारणांच्या जुळणीतून उपजते आणि ती जुळणी मोडली की लोपते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. तथापि बुद्धघोषाच्या अपेक्षेप्रमाणे त्यांच्या हातून नाणे सुटत मात्र नाही. उलट ज्ञान जितके सूक्ष्म, तितकी मूठ घट्ट. दृष्टान्त येथे अपुरा पडतो, कारण सराफ नाण्याविषयी सर्व जाणत असला तरी नाण्याच्या मालकाविषयी, म्हणजे ‘माझे’ म्हणणाऱ्याविषयी, त्याची कसोटी काहीच सांगत नाही.

बौद्ध संघाला ही अडचण फार लवकर जाणवली होती. विनयाने, म्हणजे संघाच्या आचारनियमांनी, भिक्षूला सोने-रुपे स्वीकारण्यास मनाई केली आणि परंपरेनुसार बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीस भरलेल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, ज्या दहा गोष्टींवरून वाद पेटला, त्यांत द्रव्यस्वीकार ही एक होती. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात यावरचा एक व्यवहारी तोडगा दिसतो. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरायचे दान, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा देण्याची तरतूदही नेमकी तेवढीच भरते. मुद्दल श्रेणीच्या ताब्यात आणि लाभ संघाला, अशी ही रचना होती. ती पळवाट आहे असा आक्षेप घेता येईल, पण तो काहीसा उथळ ठरेल; मालकी आणि उपयोग यांची फारकत करून तिने निदान एवढे दाखवले की, द्रव्यावर कोणा एका भिक्षूची मूठ न पडताही त्याचा उपयोग होऊ शकतो.

संग्राहकाच्या नाण्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते: तेथे उपयोग संपलेला असतो आणि मालकी तेवढी शिल्लक उरते. मात्र चलनाबाहेर पडलेल्या नाण्याला मालकीखेरीज दुसरी गती नाही, असेही नव्हे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटावर एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तेथील निर्वाचित शास्ता, आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्त असे. ते नाणे व त्याच्या देशी नकला पुतळी या नावाने मराठी मुलखात आल्या आणि स्त्रियांच्या गळ्यातील माळेत ओवल्या गेल्या. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आजही व्हिक्टोरिया राणीच्या किंवा पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याचे तोळाभर वजनाचे रुपये हळदकुंकू लावून मांडले जातात आणि १९४० नंतरचा, निम्मीच चांदी असलेला रुपयाही त्यांच्याच रांगेत बसतो. संग्राहकाच्या लेखी कडी डाखलेली पुतळी आणि कुंकवाने डागाळलेला रुपया ही खराब झालेली नाणी होत. पूजा करणारी गृहिणी बुद्धघोषाच्या तिघांपैकी कोणातच बसत नाही. तिला नाण्याचा कस ठाऊक असेल किंवा नसेल, पण चौरंगावर ठेवलेले नाणे त्या रात्रीपुरते तिचेही नसते, ते देवीचे असते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डब्यात जाते.