दोन ते चारचा पहारा

सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी आमच्या देवळाच्या भिंतीवर एक कागद चिकटवतात. त्यावर पहाऱ्यांची नावं असतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. दर दोन तासांनी वीणेकरी बदलतो. उतरणारा येणाऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम पुढे चालू राहतं. यात रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यांत अवघड. पापण्या जड होतात, पाय भरून येतात, देवळात समई आणि आपण एवढेच उरतो. गेली वीस-बावीस वर्षं त्या रकान्यात एकच नाव असायचं, तात्यांचं. जन्म मागावर गेलेला माणूस. रात्रपाळीची सवय आहे, मला हीच वेळ द्या, म्हणायचे.

गेल्या वर्षी पहिल्या रात्री दोन वाजले तरी तात्या आले नाहीत. बाराला उभ्या राहिलेल्या पोरानंच चारपर्यंत वीणा सांभाळली. दुसऱ्या दिवशी कागदावर तात्यांच्या नावावर रेघ मारून दुसरं नाव लिहिलं. चर्चा झाली ती एवढीच : वय झालं आता. कुणी म्हणालं, मन उडालं असेल. त्याआधी अडीच महिने ते हरिपाठालाही येत नव्हते. त्यांचे टाळ देवळातल्या पेटीत तळाशी गेले होते, दोरीला धूळ बसली होती. त्यांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तरी मीही कधी आत डोकावलो नाही. हे लिहिताना आजही खाली बघावंसं वाटतं.

कोल्हापूरला दिलेली त्यांची लेक महिन्याभरानं माहेरी आली आणि बापाकडे बघून हबकली. अंग उतरलेलं, दाढी वाढलेली. पहाटे तीनलाच जाग यायची, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडायचं. ताटातली भाकरी तशीच वाळून जायची. कारण विचाराल तर सांगण्याजोगं मोठं काही नव्हतं. दोन्ही मुलगे गलाईच्या, म्हणजे सोनं आटवण्याच्या धंद्यात केरळात, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, घर पक्कं आहे. लेकीनं कुणाचं ऐकलं नाही, गाडी केली आणि थेट सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, नैराश्य.

पुढे मी भेटायला गेलो तेव्हा तात्या जे बोलले ते मनातून जात नाही. म्हणाले, "नाव तोंडात येतंय, पर आत पोचत न्हाई. विठ्ठल म्हटलं की रडूच फुटतंय. माझ्याच भक्तीत कुठंतरी खोट असणार. न्हाईतर माळकऱ्याला आसं हुतंय व्हय?"

आजार एक होता. त्यावर हे दुसरं ओझं तात्यांनी स्वतःच चढवून घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी एकट्यानं ते चढवलं नव्हतं. श्रद्धा असली की माणूस खचत नाही, देवाचं करणाऱ्याला काळजी शिवत नाही, हे आपण सगळेच सहज बोलून जातो. खचलेल्या माणसाच्या कानात ते कसं पडत असेल, याचा विचार करत नाही.

मग श्रद्धा माणसाला नैराश्यापासून, चिंतेपासून वाचवते की नाही? हा प्रश्न देशोदेशीच्या अभ्यासकांनीही घेतला आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १४७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात मिळून जवळजवळ एक लाख माणसं होती. धार्मिक वृत्तीच्या माणसांत नैराश्याची लक्षणं थोडी कमी दिसली. थोडीच, पण दिसली. ज्यांच्या आयुष्यात मोठे आघात झाले होते, त्यांच्यात हा आधार जास्त ठळक होता. याच अभ्यासात दुसरी बाजूही समोर आली. देव मला शिक्षा करतोय, देवानं मला टाकलंय, अशा भावनेनं जे दुःखाकडे बघत होते, त्यांच्यात नैराश्य उलट जास्त होतं. म्हणजे श्रद्धा आहे की नाही एवढ्यानं भागत नाही. आपला देव आपल्याशी कसा बोलतो असं आपल्याला वाटतं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तात्यांचा विठ्ठल त्या दिवसांत त्यांना रागावलेला दिसत होता.

दुसरा एक अभ्यास अमेरिकेतल्या सुमारे ४९ हजार परिचारिकांचा, १९९६ ते २००८ या काळातला. ज्या आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जात, त्यांना नैराश्य येण्याचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा २९ टक्के कमी आढळला. हे वाचून कुणाही भाविकाला बरं वाटेल. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ज्यांना नैराश्य आलं, त्यांचं प्रार्थनेला जाणंच पुढे कमी झालं. आजार पहिल्यांदा माणसाला पंगतीतून उठवतो. जी जागा त्याला सावरू शकली असती, नेमकी तीच त्याच्याकडून सुटते. आणि मागे राहिलेले आपण म्हणतो, मन उडालं असेल.

आपल्या परंपरेनं हे फार आधी ओळखलं होतं, असं मला वाटतं. गीतेचा पहिला अध्यायच मुळी विषादाचा आहे. अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं, हातातलं गांडीव निसटतं. आज डॉक्टरांपुढे बसलेला माणूस हीच लक्षणं सांगतो. प्रत्यक्ष भगवंत सारथी म्हणून पुढे बसलेला असताना अर्जुनाला हे झालं. आणि ज्ञानोबांनी नेवाशाला बसून गीता मराठीत आणली तेव्हा हा अध्याय वगळून पुढे उडी मारली नाही. तुकोबांनी दुष्काळात घरातली माणसं जाताना बघितली, धंदा बुडताना बघितला, आणि त्या काळातली आपली तळमळ लपवून ठेवली नाही. संतांचं दुःख आपण पारायणात वाचतो. शेजाऱ्याचं दुःख मात्र त्याच्या भक्तीची उणीव समजतो.

या सगळ्यांत मला सारखी आठवते ती मुक्ताबाई. लोकांच्या बोलण्यानं जीव विटला आणि ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. ज्ञानाचा सागर म्हणून ज्याला सारा महाराष्ट्र ओवाळतो, त्याच्यावरही दार लावून बसायची वेळ आली. त्या वेळी धाकटी बहीण दाराशी उभी राहिली आणि हाक मारत राहिली. ताटीचे अभंग ते हेच. ती निघून गेली नाही. दादाची श्रद्धा कमी पडली, असं गावाला सांगत फिरली नाही. ताटी उघडेपर्यंत तिनं दार सोडलं नाही. श्रद्धा माणसाला वाचवते का, या प्रश्नाचं मला समजणारं उत्तर त्या बंद दाराबाहेर उभं आहे.

सोबतीचं हे मोल करोनात आपण सगळ्यांनीच अनुभवलं. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या वर्षी पालख्याही पायी न जाता एसटीनं पंढरपूरला गेल्या. देव तर घरच्या देव्हाऱ्यातही होता. माळ, पोथी, नाम, काहीच हिरावलं गेलं नव्हतं. तरी जीव कोंडल्यासारखा झाला होता, कारण शेजारी टाळ वाजवणारा माणूस नव्हता. दहा जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की श्वास आपोआप लयीत येतो, छातीवरचा दगड हलतो, हे ज्यानं भजन केलंय त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. नामाची गोडी खरी आहे आणि भार घालायला देवाचे पाय असणं हाही मोठा दिलासा आहे. पण त्या पायांपर्यंत जायला कधी कधी दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

आमच्या विट्याला हे वेगळं सांगायला नको. दसऱ्याला रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत होते, मूळस्थानची एक आणि सुळेवाडीची एक. पालखी खांद्यावर घेऊन माणसं पळतात. कितीही गडी तयारीचा असला तरी एकाच्या खांद्यावर पालखी शेवटपर्यंत जात नाही. दम संपायच्या आत दुसरा खांदा खाली यावा लागतो. दसऱ्याला कुणी दमलेल्या खांदेकऱ्याला विचारत नाही की तुझी भक्ती कमी पडली का. सणाच्या दिवशी आपल्याला जे कळतं, ते एरवीच्या दिवशी का कळू नये?

हा भागच सोडून गेलेल्यांचा आणि मागे राहिलेल्यांचा आहे. पाऊस नाही म्हणून खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यावर जा, मुशीसमोर बसून सोनं आटवणारा आपल्याकडचा माणूस भेटतो. त्या पैशानं इथं घरं उभी राहिली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. पण त्या घरांत दिवेलागणीला किती माणसं असतात, ते बघावं. म्हातारा-म्हातारी, नाहीतर नुसतीच म्हातारी. यात्रेला, दसऱ्याला घर भरतं आणि पाहुणे परतले की दुसऱ्या दिवशी अंगण अधिकच मोठं वाटतं. या माणसांना दिवसातून एकदा चार जणांत बसायची जागा म्हणजे देऊळच. म्हणून तिथं कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, हे बघणारा डोळा हवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. सोबत हे औषध नव्हे. साखर वाढली, रक्तदाब वाढला तर आपण गोळी घेतो आणि देवाचा अंगाराही लावतो, दोन्हींत काही भांडण नसतं. मनाच्या आजारात मात्र आधी बाहेरचं बघायचं, मग नवस, मग दुसरा देव, आणि वर्ष गेल्यावर डॉक्टर, अशी वाट धरतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. श्रद्धेच्या नावावर उपचार अडवले की काय होतं, ते तमिळनाडूतल्या एरवाडीनं दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली आणि बरे व्हावेत म्हणून आणून साखळीनं बांधलेले २८ रुग्ण जळून गेले. त्यांना तिथं आणणारी घरची माणसं दुष्ट नव्हती. त्यांची श्रद्धाही खोटी नव्हती. त्यांना दुसरं दार कुणी दाखवलं नव्हतं.

आज ते दार फोनवरही आहे. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. हा नंबर देवळाच्या फळ्यावर एकादशीच्या तारखेशेजारी लिहिला तर देवाचं काही उणं होणार नाही.

तात्यांचं औषध चालू आहे. फरक पडायला काही आठवडे गेले. मध्ये एकदा त्यांनी गोळ्या बंद केल्या, त्रास पुन्हा वाढला, लेकीनं पुन्हा चालू केल्या. मी आता जाता-येता त्यांच्याकडे टेकतो. देवाचं काही बोलत नाही. चहा घेतो, केरळातल्या नातवाचे फोटो बघतो, उठतो. एका संध्याकाळी तेच म्हणाले, "डॉक्टर म्हणलं, ह्यात तुमची काय चूक न्हाई. पांडुरंगबी आसंच म्हणल, व्हय ना?" मी म्हणालो, "तात्या, तो तर कधीचा विटेवर उभा आहे. चुका मोजायच्या असत्या तर खाली बसून वही उघडली असती." कितीतरी महिन्यांनी त्यांच्या ओठांवर हसू दिसलं.

यंदाच्या सप्ताहाचा कागद लावला तेव्हा आम्ही खाली एक ओळ जास्तीची लिहिली. ज्याचा पहारा चुकेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत एकानं जाऊन यायचं. जाब विचारायला नाही, नुसतं भेटायला. दोन ते चारच्या रकान्यात यंदा माझं नाव होतं. तिसऱ्या रात्री वीणा गळ्यात घेऊन उभा होतो, तेव्हा दाराशी चपला वाजल्या. तात्या आले होते. वीणेला त्यांनी हात लावला नाही. पेटीतून आपले टाळ काढले, उपरण्यानं पुसले, मांडीवर ठेवले आणि खांबाला टेकून बसले. वाजवले नाहीत. चार वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. पहारा माझा होता, तरी त्या रात्री माझे पाय भरून आले नाहीत.