घरघर, सळसळ आणि भाषांतराचे इमान

दिल्लीत सरकारी चाकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांचा दिवस तीन भाषांत विभागलेला असतो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि फायलीत बहुधा इंग्रजी. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने, १९६७ च्या दुरुस्तीसह, केंद्राचे सर्वसाधारण आदेश व अधिसूचना हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढणे बंधनकारक केले. तेव्हा भाषांतर आमच्या पाचवीलाच पुजलेले आहे. 'अनुदान', 'विनियोग' यांसारख्या शब्दांसाठी कोश हाताशी असतात. भाषांतरकार खरा अडतो तो सळसळ, किणकिण, घरघर अशा साध्या, घरगुती शब्दांपाशी.

हे शब्द म्हणजे निसर्गाचे प्रतिध्वनीच, असे प्रथमदर्शनी वाटते. हा वाद मात्र फार जुना आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात 'काक' हे नाव आवाजाच्या अनुकरणातून आले असे म्हटले, आणि तेथेच औपमन्यवांचे विरुद्ध मतही नोंदवून ठेवले. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतही असे शब्द थोडे, आणि तेही काही अंशी संकेतानेच ठरलेले, असे प्रतिपादन आहे. कोंबडा मराठीत 'कुकूचकू' करतो, हिंदीत 'कुकड़ूँ कूँ' आणि व्हिएतनामीत 'ऑ-ऑ-ऑ'. कोंबडा एकच, कान मात्र तीन.

म्हणजे अशा शब्दात आवाजाबरोबर ऐकणाऱ्या समाजाचे मनही साठवलेले असते. पावसाची 'रिपरिप' म्हणताच ओले कपडे, चिखल आणि कंटाळा डोळ्यांपुढे येतो. तिचे हिंदीत 'रिमझिम' केले, की तोच पाऊस एकदम सुखाचा होतो. 'रुखरुख' आणि 'हुरहुर' यांना तर कानाला येणारा आवाजच नाही. तरी त्या अंतःकरणात वाजतात.

मग भाषांतरकाराने इमान कोणाशी राखावे? ध्वनीशी की अर्थाशी? समजा, एखाद्या शिपायाने रजेच्या अर्जात लिहिले, 'वडिलांना घरघर लागली आहे.' मराठी अधिकारी हे वाचताच रजा मंजूर करील. कारण 'घरघर' जात्याची असते तशी अखेरच्या घटकेचीही असते. परंतु भाषांतरकाराने 'घशात आवाज होत आहे' एवढेच लिहिले, तर अर्ज उद्यावर ढकलला जाईल. आणि त्या उद्यापर्यंत वडील असतीलच असे नाही. येथे 'वडील अत्यवस्थ आहेत' असे लिहिणे हेच इमान. ध्वनी गेला तरी चालेल, माणूस पोचला पाहिजे.

कवितेत मात्र हा न्याय उलटतो. तेथे 'सळसळ' काढून 'पानांचा आवाज' ठेवणे म्हणजे फुलाऐवजी त्याचे वजन सांगणे होय. तेथे मूळ शब्द तसाच ठेवून वाचकाच्या कानावर विश्वास टाकणे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

तात्पर्य, बोलणाऱ्याने त्या शब्दावर काय पणाला लावले आहे, हे प्रथम ओळखावे. भाषांतराचा धर्म त्यावरून ठरतो. दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांबाबतही हेच खरे. त्यांना 'सळसळ' शब्दाचा अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा वाऱ्याच्या वेळी पिंपळाखाली उभे करावे, आणि तो शब्द तेथेच, मराठीत, उच्चारावा.