चौरस हा आयत असतो का?

बालवाडीच्या भिंतीवर आकारांचा तक्ता असतो. एका खान्यात चौरस, शेजारच्या खान्यात आयत, मध्ये जाड रेघ. ही रेघ खरी आहे का? आणि नसेल, तर चार वर्षांच्या मुलाला ती शिकवणं म्हणजे त्याला फसवणं आहे का? मला हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ वाटत नाही.

पुढे शाळेत आपण शिकतो की चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत. म्हणजे चौरसही आयतच. तोच चौरस तिरका ठेवला की लहान मूल म्हणतं, ‘ही तर शंकरपाळी!’ व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये मांडलं होतं की सुरुवातीला मूल गुणधर्म मोजत नाही, एकूण रूप पाहून आकार ओळखतं.

मग सोपं करूनच सांगावं लागणार, असं कुणी म्हणेल. मान्य. पण अपुरं सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. ‘हा चौरस आहे’ हे अपुरं आहे. ‘हा चौरस आहे, आयत नाही’ हे उद्या मागे घ्यावं लागणारं वाक्य आहे.

तरी तक्त्याला खोटारडा ठरवायची घाई नको. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने केलेल्या व्याख्येत आयतामध्ये चौरस बसत नव्हता. आजच्या पुस्तकात बसतो. चौरस तोच राहिला, गट पाडायची रीत बदलली. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘चौकोनी’ तर डबा, पाट, खिडकी सगळ्यांना एकाच घरात घेतो.

म्हणून मला वाटतं, फसवणूक रेघ ओढण्यात नाही. ती माणसांनी ओढली आहे, हे लपवण्यात आहे. जग असंच खान्याखान्यांत वाटलेलं आहे, असं मुलाच्या मनात बसतं. आकारांपुरतं ठीक, पण पुढे माणसांचे खानेही त्याला असेच तयार मिळतात.

चार वर्षांच्या मुलाला व्याख्या कशी समजावणार? समजावायची गरजच नाही, खेळू द्यावं. जर्मनीतल्या फ्रोबेलच्या खेळण्यांत लाकडी गोळा, घन आणि दंडगोल असत. घन दोरीला टांगून गरगर फिरवला की दंडगोल दिसतो. माँटेसरीच्या साधनात दंडगोल चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एखादा उरतो. चूक ताई नाही, लाकूड सांगतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंमधून कमी खर्चाची साधनं उभी केली. खेळाला महागडा डबा लागत नाही.

बटणं, चिंचोके, काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणं मुलापुढे ठेवा. त्याला हवे तसे गट करू द्या आणि फक्त विचारा, ‘असं का लावलंस?’ दुसऱ्या दिवशी म्हणा, ‘आज वेगळं लावू या का?’ नावंही सांगा, नावांशिवाय बोलणार कसं? फक्त ‘हे ते नाहीच’ असं ठासून सांगण्याआधी थोडं थांबा.

ज्या मुलाने स्वतः रेघा ओढल्यात आणि पुसल्यात, त्याला तक्त्याची भीती वाटणार नाही. तो तक्ता वाचेल, आणि कधीतरी विचारेलही, ‘ही रेघ इथेच का?’