खालच्या गावासाठी

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. संध्याकाळी प्रीतिसंगमावर गर्दी असते. माणसं घाटावर निवांत बसतात, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी हात जोडतात. याच गावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही. 2020च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. अशा बक्षिसाच्या वेळी डोळ्यांत भरतात ते झाडलेले रस्ते. नदीच्या दृष्टीनं खरं मोलाचं काम त्या केंद्रात चालतं.

अशा केंद्रात पाणी आधी चाळणीतून जातं. केसांचे गुंते, शाम्पूच्या पुड्या, फडकी, पॅड असं मोरीत टाकायचं नव्हतं ते सगळं तिथं अडतं. बऱ्याच ठिकाणी ते अजूनही कोणीतरी दाताळ्यानं ओढून काढतं. मग वाळू खाली बसते आणि पाणी मोठ्या टाकीत येतं. तिथं ब्लोअर रात्रंदिवस हवा सोडत असतो, ती जिवाणूंना जगवण्यासाठी. खाली बसलेला गाळ फेकून न देता नव्या सांडपाण्यात मिसळला आणि त्याला हवा दिली, तर त्यातले जिवाणू घाण झपाट्यानं फस्त करतात, हे 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिलं. आजही असंख्य केंद्रं त्याच तत्त्वावर चालतात.

ऑपरेटर या टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या काचपात्रात भरून अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ सावकाश खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, की जिवाणू धडधाकट आहेत. टाकी नीट चालत असेल तर तिच्याजवळ ओल्या मातीसारखा वास येतो. गाळ काळा पडला, सडक्या अंड्यांचा वास सुटला, की हवा कमी पडते आहे हे त्याला यंत्राच्या आधी नाकानं कळतं. ही जाण मला फार मोठी वाटते.

कारण पुढचा हिशेब साधा आहे आणि क्रूरही. घरगुती सांडपाणी कुजताना लिटरमागे साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतं. स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये तो असतो जेमतेम 7-8 मिलिग्रॅम. माशांना 4-5 तरी लागतोच. म्हणजे एक लिटर मैलापाणी नदीच्या पंचवीस ते चाळीस लिटरांचा श्वास काढून घेऊ शकतं, आणि उन्हाळ्यात पात्रात मुळात पाणीच कमी असतं. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

नुसतं केंद्र बांधून भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, उभारलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं फक्त 20,236 दशलक्ष लिटर. म्हणजे उभी असलेली केंद्रंसुद्धा पुरती चालत नाहीत. फीत कापायला सगळे येतात. नंतर विजेचं बिल थकतं, लाइट गेली तर जनरेटरला डिझेल नसतं, ब्लोअर बंद पडतो. हवेविना टाकीतले जिवाणू काही तासांतच गुदमरू लागतात, मरू दिले तर पुन्हा वाढवायला कित्येक दिवस जातात.

कराडनं सोडलेलं पाणी कराडकर पीत नाहीत. पुढे सांगली पिण्याचं पाणी कृष्णेतूनच उचलते, आणि त्याही पुढे नरसोबाच्या वाडीला भाविक तेच पाणी ओंजळीत घेतात. त्यांच्यापैकी कोणालाच कराडच्या पालिकेत मत नाही. त्यांच्या वतीनं विचारायचं ते वरच्या गावातल्या मतदारांनी. नदीकाठच्या प्रत्येक गावात अंदाजपत्रकाच्या सभेत कोणीतरी उठून विचारावं: गेल्या वर्षी ब्लोअर किती तास बंद होता, आणि यंदा डिझेलसाठी किती पैसे ठेवलेत?