झीज आणि ताप

काटकसर हा सद्गुण आहे असे आपण मानतो, आणि मानावेच. पण काटकसर कशासाठी करावयाची, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच, तर 'पुढे उपयोगी पडेल' एवढे उत्तर मिळते. हे 'पुढे' नेमके कोठे संपते, ते उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मला हा प्रश्न पडला तो मोटारींच्या शर्यतीच्या खेळामुळे. निवृत्तीनंतर भाच्याने माझ्या लिहिण्याच्या टेबलाला एक स्टीअरिंग जोडून दिले, खाली पेडले ठेवली, आणि संगणकाच्या पडद्यावर सारे जग उघडले. माझ्या वयाच्या माणसाने हा नाद करावा, हे आमच्या घरात अजून सर्वांना पटलेले नाही. ते असो. या खेळात वेगापेक्षा टायर सांभाळण्याची विद्या मोठी आहे, हे मात्र मला थोड्याच दिवसांत दिसले, आणि ही विद्या आपल्या नित्याच्या काटकसरीहून फार निराळी निघाली.

इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या संस्थेने केलेला 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' हा खेळ २०१९ साली पूर्णपणे बाजारात आला. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात चार चाकांची चार लहान चित्रे असतात. टायर थंड असला की चित्र निळे, योग्य तापला की हिरवे, फार तापला की लाल. थंड टायर तो सुखी टायर, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. शर्यतीच्या टायरचे रबर थंडपणी कडक असते, ते रस्त्याला धरत नाही. गाडी घसरते, आणि घसरता घसरता रबराचे कण ओरबाडून निघतात. ८०-९० अंशांच्या आसपास तेच रबर मऊ होऊन रस्त्याला बिलगते. त्याच्या फार पलीकडे गेले की पकड पुन्हा सुटते. शिवाय आतली हवा तापून दाब वाढतो, टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. उरलेल्या भागावर भार पडून तो आणखी तापतो. संतापलेला माणूस आपल्याच बोलण्याने आणखी संतापत जातो, तसेच हे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. ताप परत फिरतो, झीज फिरत नाही. वळणात जरा हळू शिरावे, स्टीअरिंग कमी पिळावे, पेडलावरचा पाय हलका ठेवावा, की एक-दोन फेऱ्यांत लाल चित्र हिरवे होते. पण गेलेले रबर गेले. शहाणा चालक म्हणून झिजेचा शोक करीत नाही, तापाकडे पाहतो; कारण अवाजवी झीज होते ती बहुधा नको तितक्या तापाने किंवा नको तितक्या गारठ्याने. दुसऱ्याच्या शेपटीला चिकटून धावणाऱ्याचे तर फारच हाल. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत आपली गाडी रस्त्यावर नीट दाबली जात नाही, पुढची चाके घसरतात आणि तापतात. पुढच्याला गाठण्याच्या खटपटीतच गाठण्याचे सामर्थ्य संपते. आमच्या कचेरीत अशी दोन-तीन माणसे होती.

माझ्या एका मावशीचा शालू आठवतो. लग्नातला. 'चांगल्या दिवशी नेसेन' म्हणून तो ट्रंकेत राहिला. चांगले दिवस आले, दिवाळ्या आल्या, मुलांची लग्ने झाली. प्रत्येक वेळी तिला पुढे याहून चांगला दिवस दिसत होता. अखेर बाहेर काढला तेव्हा तो घड्यांवर विरला होता. एकदाही न नेसता फाटलेला! मावशीला मी हसत नाही. तिने ओढगस्तीचे दिवस पाहिले होते, आणि शर्यत किती फेऱ्यांची आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. खेळात ते सांगितलेले असते. एक तास म्हणजे एक तास. "शर्यत संपल्यावर टायर उरला तर तो कुणाला द्यायचा, मामा?" असे भाचा विचारतो, तेव्हा त्याच्या बाजूने गणित असते.

परंतु गणिताची बाजू नेहमीच सुरक्षित असते असेही नाही. २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतींत मध्येच टायर बदलण्यास बंदी होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूरबर्गरिंगवर किमी रायकोनेन आघाडीवर असताना ब्रेक दाबल्यावर त्याचे पुढचे चाक अडकले आणि टायर एका जागी सपाट झाला. त्या सपाट डागामुळे गाडी हादरू लागली. थांबावे की रेटावे? त्यांनी रेटले. शेवटच्या फेरीच्या पहिल्याच वळणावर हादऱ्यांनी सस्पेन्शन तुटले आणि फर्नांदो अलोन्सो जिंकला. बाजूने जाणारा जेन्सन बटन थोडक्यात वाचला. उलट २ ऑगस्ट २०२० रोजी सिल्व्हरस्टोनला लुइस हॅमिल्टनचा पुढचा डावा टायर शेवटच्या फेरीतच फुटला, आणि तो तीन चाकांवर शर्यत जिंकला. एकाला आपण अविचारी म्हणतो, दुसऱ्याला धीराचा. दोघांच्या नीतीत अंतर किती आणि नशिबात किती, हे सांगणे मला कठीण वाटते. मला खुपतो तो बटन. आपला टायर आपण उधळावा हे खरे, पण रस्त्यावर दुसरेही असतात.

माझ्या टेबलावर कोणाचा जीव जात नाही. टायर म्हणजे नुसते आकडे. एक कळ दाबली की चारही नवे. मग तेथला संयम हा सद्गुण कसला, तो निव्वळ हिशेब, असे कोणी म्हटले तर मी मान्य करीन. हिशेबात शेवट ठाऊक असतो. तो ठाऊक नसताना किती वापरावे, हा खरा प्रश्न, आणि त्याला खेळात उत्तर नाही. भाच्याला मी हे विचारले. तो म्हणाला, "मग फक्त रंग बघायचा, मामा. हिरवा आहे तोवर पळवायचं."

विसाव्या वर्षी हे सोपे असते. माझ्या गुडघ्यांचा जो फोटो डॉक्टरांनी काढला, त्यात हिरवे-निळे काही नव्हते. झीज तेवढी होती. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, बसून राहिलात तर आखडतील." किती चालू, म्हणून विचारले. ते म्हणाले, "दुखेपर्यंत नको." मी सध्या कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाऊन येतो. परवा त्याच्या पुढे, पुलापर्यंत गेलो होतो.